टेक्सासात रानडुकरांसाठी आधी थर्मल

टेक्सासात रात्री रानडुकरांच्या शिकारीसाठी कोणती दुर्बीण घ्यावी, या प्रश्नावर वर दोघांनी ८५० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड (डोळ्यांना जवळपास न दिसणाऱ्या उजेडाच्या) टॉर्चसह डिजिटल नाइट व्हिजन, म्हणजे अंधारात पाहायचा कॅमेरा, घ्यायला सांगितलंय. स्वस्त पडतं हे खरं, पण टेक्सासच्या माळावर डुक्कर आधी सापडायला हवं ना! तिथे थर्मल कॅमेऱ्याला तोड नाही. जनावराच्या अंगाची उष्णताच दिसते, उजेड लागत नाही. शिवाय ८५०च्या टॉर्चचा लालसर ठिपका समोरून दिसतो. ९४०चा दिसत नाही, पण त्याचा पल्ला कमी.

पैसे मोजके असतील तर ते हातात धरायच्या थर्मल मोनोक्युलरवर (एका डोळ्याने पाहायच्या दुर्बिणीवर) खर्च करा आणि बंदुकीवर डिजिटल ठेवा. थर्मलला ३८४ × २८८ पिक्सेलचा सेन्सर पुरतो, ६४० × ५१२ परवडला तर उत्तमच. जाहिरातीतल्या 'डिटेक्शन' (काहीतरी आहे एवढंच कळण्याच्या) अंतरावर मात्र अजिबात विसंबू नका. तेवढ्या लांबून नुसता पांढरा ठिपका दिसतो. ते डुक्कर आहे की शेजाऱ्याचं वासरू, कळत नाही. दमट, धुक्याच्या रात्री चित्र आणखी फिकं पडतं. ओळख पटल्याशिवाय गोळी झाडायचीच नाही, कृपा करून!

खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानडुकरं मारायला २०१९पासून तिथे शिकारीचं लायसन्स लागत नाही. आणि सुट्टीला भारतात येताना हे सामान बॅगेत टाकू नका, अमेरिकेचे निर्यातीचे नियम याबाबत फार कडक आहेत.