टांझानियात स्वयंसेवक शिक्षिका म्हणून जातेय. पहिले काही महिने कसे काढायचे?

पाऊलवाट

नमस्कार. येत्या जानेवारीपासून टांझानियाच्या इरिंगा प्रांतातल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायला जाते आहे. पगार नाही. शाळेच्या आवारात खोली आणि खर्च भागेल इतका भत्ता मिळेल. बीएड झालंय, शिकवण्याचा थोडाफार अनुभवही आहे, पण देशाबाहेर पहिल्यांदाच चालले आहे.

लसी, विमा, विमानतळावर कोण घ्यायला येईल, हे सगळं संस्थेने कळवलंय. मला पडलेले प्रश्न वेगळे आहेत. स्वाहिली अजिबात येत नाही. माध्यमिक शाळा इंग्रजी माध्यमाची असते म्हणतात, म्हणजे चालून जाईल ना? तिथल्या शिक्षकांमध्ये मिसळायचं कसं? मी शाकाहारी आहे आणि एकटी राहणार आहे. शिवाय तिथे शाळेत छडी चालते असं वाचलं, त्याने जरा अस्वस्थ आहे. तिथे राहून आलेल्यांनी किंवा राहत असलेल्यांनी कृपया लिहा.

खडूफळा

मी निवृत्त झाल्यावर न्जोंबे प्रांतात गणित शिकवायला गेले होते. तुझ्या इरिंगाच्या दक्षिणेलाच आहे ते. २०१२ पर्यंत तो इरिंगाचाच भाग होता. तेव्हा हवा, माणसं, शाळा बरीचशी सारखी.

तुझ्या "चालून जाईल ना?" ला माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. का, ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत मुलं सगळं स्वाहिलीत शिकतात. इंग्रजी हा फक्त एक विषय. फॉर्म वनला, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या वर्षाला आली की गणित, जीवशास्त्र, भूगोल, सगळं एकदम इंग्रजीत. सुरुवातीला काही आठवडे इंग्रजीची तयारी करून घेतात, पण तेवढ्याने काय होणार? मी स्वतः मराठी माध्यमातून अकरावी विज्ञानाला गेले होते. फळ्यावरचं गणित कळतंय, पण बाई काय बोलतायत ते निसटतंय, ही अवस्था मला माहीत आहे. तिथे तर मूल तेरा-चौदा वर्षांचं असतं आणि घरी बहुधा हेहे किंवा बेना या तिथल्या बोली बोलत असतं. म्हणजे इंग्रजी त्याची तिसरी भाषा.

तू वर्गात शिरशील, सगळी मुलं उभी राहून एका सुरात "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणतील. शिकवून झाल्यावर "समजलं का?" विचारशील आणि पुन्हा एका सुरात "येस, मॅडम" येईल. त्या होकारावर विसंबू नकोस. मुलं खोटं बोलत नाहीत, शिक्षकाला नाही म्हणणं त्यांच्या रीतीत बसत नाही. आणि गप्प बसलेल्या पोराला कृपा करून "कच्चा" ठरवू नकोस. नवीन येणारे बरेच जण पहिल्या महिन्यात हेच ठरवून मोकळे होतात, त्याचा मला फार राग येतो. तोच मुलगा दुपारी दुकानात बसून सुट्ट्या पैशांचा हिशेब तोंडी करत असतो.

तेव्हा गेल्या गेल्या पाचवी ते सातवीची स्वाहिली गणिताची पुस्तकं मिळव. टांझानिया इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन ती काढतं. मुलांना काय येतं आणि ते कोणत्या शब्दांत येतं, हे तुला त्यातून कळेल. जुम्लिशा म्हणजे बेरीज कर, तोआ वजा कर, झिदिशा गुण, गवान्या भाग. त्रिकोणाला पेम्बेताटु. फळ्याच्या एका कडेला रोजच्या धड्यातले सात-आठ शब्द दोन्ही भाषांत लिहीत जा आणि तास संपेपर्यंत पुसू नकोस. उदाहरण दिलंस की दोघादोघांना स्वाहिलीत बोलू दे, मग उत्तर इंग्रजीत मांडायला लाव. इंग्रजी सोडून चालणार नाही हेही लक्षात ठेव. फॉर्म टूला राष्ट्रीय परीक्षा असते, ती पास झाल्याशिवाय फॉर्म थ्रीत जाता येत नाही, आणि गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. नेक्टा ही तिथली परीक्षा घेणारी संस्था. तिच्या जुन्या प्रश्नपत्रिका आतापासून सोडवायला घे.

वर्ग मोठे असतील. २०१६ पासून सरकारी शाळांत फॉर्म फोरपर्यंतची फी माफ झाली आणि मुलं प्रचंड वाढली. ही आनंदाचीच गोष्ट आहे, पण बाकावर तिघं-चौघं बसतात आणि पुस्तक कित्येकांत मिळून एक. वह्या तपासायला घरी नेण्यापेक्षा गणित घालून बाकांमधून फिर. कोण कुठे अडकलंय ते तिथल्या तिथे दिसतं.

आता शिक्षकांमध्ये मिसळण्याचं. नमस्काराला वेळ दे. वयाने मोठ्या माणसाला "शिकामो" म्हणायचं, ते "माराहाबा" म्हणतात. मुलं तुला शिकामो म्हणतील, पण तू शाळेतल्या ज्येष्ठ शिक्षकांना, स्वयंपाकाच्या मावशींना, रखवालदाराला म्हणायचंस. बरोबरीच्यांना घरचं, कामाचं, सकाळचं कसं काय, असं दोन-तीनदा विचारूनच मुद्द्यावर यायचं. गावात "कामवेने" म्हणालीस तर म्हाताऱ्या माणसांचे चेहरे उजळतात, तो हेहे-बेना लोकांचा स्वतःचा नमस्कार. वस्तू उजव्या हाताने द्यायची-घ्यायची. कुणाच्या दारात गेलीस की "होदी" असा आवाज द्यायचा आणि "कारिबू" ऐकू आल्यावरच आत जायचं. पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांबरोबर जाऊन गावच्या म्तेंदाजीला, म्हणजे सरकारी ग्रामअधिकाऱ्याला भेट. एकट्या राहणाऱ्या बाईसाठी याहून मोठं संरक्षण नाही. नवीन कोण आलंय ते गावाला माहीत असलं की गावच लक्ष ठेवतं.

पहिलं सत्र तरी शाळेत काही बदलायला जाऊ नकोस. दुसऱ्या गणित शिक्षकाच्या तासाला मागे बसायची परवानगी माग, त्यालाही तुझ्या तासाला बोलव. त्याच्या वाटणीचे सगळे तास तू घेतलेस आणि मग निघून आलीस, तर मुलांच्या हाती काय राहणार? जोडीने शिकवा.

शाकाहाराची काळजी नको. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, माहारागे म्हणजे घेवड्याची उसळ, म्चिचा ही पालेभाजी, भात, चपाती, बटाटे, केळी. मांस खात नाही म्हटल्यावर लोकांना आश्चर्य वाटेल, एकदा शांतपणे सांगितलं की पुरे. स्वेटर मात्र ने! तो भाग उंचावर आहे आणि जून-जुलैत तिथे हिवाळा, रात्री चांगलीच थंडी पडते आणि घरात ती अडवायला काही नसतं.

दार_मुक्काम

मी दार-ए-सलामला नोकरी करतो, त्यामुळे शाळेबद्दल बोलायचा अधिकार नाही. बाकी कामाच्या गोष्टी सांगतो.

पाऊलवाट, तुमचा परवाना कुठला आहे ते आधी बघा. स्वयंसेवकांसाठी "क्लास सी" रहिवासी परवाना असतो. टूरिस्ट व्हिसावर जाऊन शिकवा, मग बघू, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ते नियमात बसत नाही आणि अडचण झाली तर ती तुमची होते.

सिमकार्डासाठी पासपोर्ट आणि बोटांचे ठसे लागतात. सिम मिळालं की त्याच दिवशी मोबाइल मनी सुरू करून घ्या. खेड्यात बँक लांब, पण पैसे भरून-काढून देणारा वाकाला कोपऱ्यावर असतो. विजेचं लुकू मीटरही प्रीपेड, पैसे भरले की मीटरमध्ये घालायचे आकडे फोनवरच येतात. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१९ पासून बंदी आहे, सामान त्यात बांधून आणू नका.

दारहून इरिंगाच्या बस म्बेझीच्या मागुफुली स्थानकावरून सुटतात, बऱ्याचशा पहाटे. तिकिटावरची वेळ नीट विचारून घ्या. इथे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे "सा मोजा", पहिला तास. घड्याळात तासकाटा असेल त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. "सा म्बिली" म्हणजे सकाळी आठ. शाळेचं वेळापत्रकही तोंडी असंच सांगतील. रस्ता मिकुमी अभयारण्यातून जातो, दिवसाउजेडी निघालात तर जिराफ, हत्ती खिडकीतून दिसतात.

अजून एक. तुम्हाला "म्झुंगु" (गोरे परदेशी) नाही, "म्हिंदी" (भारतीय) म्हणतील. इथे पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारी करणारे भारतीय वंशाचे लोक आहेत, बहुतेक गुजराती. त्यामुळे तुम्हीही व्यापाऱ्याच्या घरच्या असाल असं धरून चालतात. "मी म्वालिमू", म्हणजे शिक्षिका, एवढं सांगा. शिक्षकाला इथे मान आहे, पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे स्वतः शिक्षक होते आणि आजही त्यांना म्वालिमूच म्हणतात.

हिवतापाची गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करा. इरिंगा उंचावर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, दारला येणं-जाणं होणारच. ताप आला की त्याच दिवशी झाहानातीत, म्हणजे गावच्या दवाखान्यात रक्त तपासा.

पाऊलवाट

दोघांचेही मनापासून आभार. ताई, तुमचं वाचून आजच स्वाहिलीचे शब्द वहीत उतरवले. छडीबद्दल मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. आणि संध्याकाळी काय करायचात? त्याचीच भीती जास्त वाटते.

खडूफळा

छडीबद्दल वेगळं लिहायचं होतं म्हणून थांबले होते.

हो, चालते. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी आहे, तिथे कायद्याने परवानगी आहे. नियम असा की अधिकार मुख्याध्यापकाचा किंवा त्याने लेखी नेमलेल्या शिक्षकाचा, फटके जास्तीत जास्त चार, शाळेत शिक्षिका असेल तर मुलीला शिक्षा तिनेच करायची आणि नोंदवहीत नोंद करायची. रोजच्या व्यवहारात हे सगळं पाळलं जातंच असं नाही. तुला ते बघावं लागेल, आणि पहिल्यांदा बघताना पोटात कालवतं.

मी मुख्याध्यापिकांना पहिल्या आठवड्यातच त्यांच्या खोलीत जाऊन सांगितलं होतं, की मी छडी हातात घेणार नाही आणि शिक्षेसाठी कुणा मुलाला दुसऱ्याकडे पाठवणारही नाही. माझ्या तासाची शिस्त मी सांभाळेन. त्यांनी ते मान्य केलं. तूही आधीच बोलून ठेव, प्रसंग घडत असताना नको. मुलांसमोर दुसऱ्या शिक्षकाला अडवलंस तर त्याचा अपमान होतो आणि मुलाच्या वाट्याला नंतर जास्त येतं. पण नियमाबाहेर जाऊन कुणी मारत असेल, मूल जखमी होत असेल, तर गप्प बसायचं नाही. मुख्याध्यापकांकडे जायचं, आणि तुला पाठवणाऱ्या संस्थेला लेखी कळवायचं.

उशिरा येणाऱ्यांना विचार, का उशीर झाला. पाणी भरायचं होतं, धाकट्याला सांभाळायचं होतं, तासभर चालत यायचं होतं, हीच उत्तरं येतील. स्टाफरूममध्ये ही उत्तरं कुणाला दोष न देता सांगत राहा. माझ्याबरोबरच्या एका तरुण शिक्षकाने पहिल्या तासाला उशिरा येणाऱ्यांची यादी करायला घेतली, कोण कुठून येतं त्याची. त्यावरून लांबच्या मुलांना सकाळच्या झाडलोटीतून सूट मिळाली. मी भाषण देऊन हे झालं नसतं.

संध्याकाळ. वर्षभर सातच्या सुमाराला अंधार पडतो आणि वीज जाते, तेव्हा भीती वाटणं साहजिक आहे. चांगली बॅटरी आणि सोलर दिवा ने. शाळेत वसतिगृह असेल तर संध्याकाळच्या अभ्यासाला जाऊन बस, मुलं दिवसा विचारत नाहीत ते तिथे विचारतात. शेजारच्या शिक्षिकेच्या चुलीपाशी बसून भाज्या निवडायला लाग. माझी स्वाहिली तिथे झाली, पुस्तकातून नाही. रविवारी चर्चचं गाणं ऐकायला बोलावतील, धर्म वेगळा म्हणून नाही म्हणू नकोस.

घरी फोनचा वार ठरवून टाक. रोज करायला लागलीस तर मन तिकडेच राहतं.

तुझ्या शाळेत फॉर्म वन ते फोर आहे की सिक्सपर्यंत, म्हणजे उच्च माध्यमिकही, ते विचारून इथे लिही. सिक्सपर्यंत असेल तर भौतिकशास्त्राची तयारी बरीच वेगळी करावी लागेल, त्यासाठी काय वाचायचं ते सांगते.