शॉर्ट प्रोग्रॅममध्ये चौथ्या स्थानी, तरी सुवर्ण: साव्हचेन्को-मासो जोडीचं गणित कसं जुळलं?

बर्फवेडा: प्याँगचांग २०१८ हिवाळी ऑलिम्पिकच्या फिगर स्केटिंगमधल्या जोड्यांच्या स्पर्धेचे आकडे पाहतोय. अल्योना साव्हचेन्को आणि ब्रुनो मासो पहिल्या दिवशी, म्हणजे छोट्या फेरीत (शॉर्ट प्रोग्रॅम), ७६.५९ वर, चीनची स्वी-हान जोडी ८२.३९ वर. ५.८० गुणांची पिछाडी एका फ्री स्केटमध्ये (दुसरी, लांब फेरी) कशी भरून निघाली? आणि युक्रेनची ही खेळाडू जर्मनीकडून कशी?

आउटसाइड_एज: आधी गुण कुठे गेले ते बघा. शॉर्टमध्ये दोघांनी शेजारी शेजारी ट्रिपल साल्को (हवेत तीन फेऱ्यांची उडी) मारायचा होता, मासोचा डबल, म्हणजे दोनच फेऱ्यांचा, झाला. दोघांच्या फेऱ्या सारख्या नसतील तर कमी फेऱ्यांचीच उडी धरतात. तेव्हा ट्रिपल साल्कोला ४.४ होते, डबलला १.३, म्हणजे ३.१ तिथेच उडाले, वर एकसारखेपणा बिघडला म्हणून दर्जाचे गुणही कापले.

फ्रीमध्ये मात्र तेव्हा कलात्मक बाजूच्या पाच घटकांचा गुणक ०.८ वरून १.६ व्हायचा, कमाल ४० ऐवजी ८०. शिवाय लिफ्ट (जोडीदाराला वर उचलणं) आणि थ्रोही (तिला फेकून मारलेली उडी) जास्त. त्यामुळे पिछाडी दिसते तेवढी मोठी नसते. शेवटच्या गटात ते सर्वांत आधी उतरले, १५९.३१ चा तेव्हाचा विश्वविक्रम केला आणि उरलेल्या तीन जोड्यांची वाट पाहत बसले. स्वी-हानला १५३.०८. बेरीज २३५.९० विरुद्ध २३५.४७. फरक ०.४३!

ट्विस्टप्रेमी: ट्विस्ट पुन्हा बघा. मासो तिला वर फेकतो, ती हवेत तीन फेऱ्या घेते, तो तिला कमरेला धरून खाली आणतो. तिचा हात किंवा छाती त्याच्या खांद्यावर आपटली की परीक्षक लगेच कापतात. यांची उंची इतकी की झेलायला त्याला निवांत वेळ मिळायचा.

जुना_प्रेक्षक: देशाचं सांगतो. साव्हचेन्कोचं आधी युक्रेनकडून स्तानिस्लाव मोरोझोव्हबरोबर २००० चं ज्युनियर विश्वविजेतेपद. २००३ मध्ये ती जर्मनीतल्या केम्निट्झला, प्रशिक्षक इंगो श्टॉयर यांच्याकडे गेली, जोडीदार रॉबिन शोल्कोव्ही. पाच जगज्जेतेपदं (२००८, ०९, ११, १२, १४), पण ऑलिम्पिकला दोनदा कांस्यच. सोचीत (२०१४) शेवटी थ्रो ट्रिपल ॲक्सेल लावला आणि ती पडली. ॲक्सेल पुढे तोंड करून सुरू होतो, म्हणून साडेतीन फेऱ्या. उतरायचं मात्र उलटं, एकाच पायावर. थकल्या पायांनी कार्यक्रमाच्या अखेरीस तो ठेवणं हा जुगारच होता, माझ्या मते अनाठायी.

तिचा पुढचा जोडीदार मासो फ्रेंच. जागतिक स्पर्धेला जोडीतल्या एकाचं नागरिकत्व चालतं, पण जुन्या देशाच्या संघटनेची परवानगी लागते, आणि फ्रेंचांनी ती बराच काळ अडवली. ऑलिम्पिकला दोघंही त्या देशाचे नागरिक हवेत. मासो जर्मन भाषेची परीक्षा पास होऊन नागरिक झाला २०१७ च्या अखेरीस, खेळांना जेमतेम तीन महिने उरले असताना.

बर्फवेडा: साल्कोचा हिशोब आता कळला. मग पुढच्याच महिन्यात मिलानच्या जागतिक स्पर्धेत काय झालं?

आउटसाइड_एज: जगज्जेतेपद, फ्रीमध्ये १६२.८६, स्वतःचाच विक्रम मोडून. पुढच्या मोसमात दर्जाच्या गुणांची पट्टी ±३ वरून ±५ झाली, म्हणून हे आकडे आजच्या गुणांशेजारी ठेवू नका.