कासवाच्या पाठीला खोबरेल चोळावं का?

गच्चीवाली, पुणे:
लेकाच्या हट्टापायी ४ वर्षांपूर्वी लाल कानाचं कासव घेतलं. तेव्हा पाच रुपयांच्या नाण्याहून थोडंसंच मोठं होतं, आता तळहातात मावत नाही. टाकी हॉलमध्ये, खिडकीलगत. महिनाभर पाठीचे पापुद्रे निघतायत आणि कडेला दाबलं की किंचित दबतं. सासूबाई म्हणाल्या, कोरडं पडलंय, खोबरेल लाव. आठवडाभर चोळलं. चकाकतंय नुसतं. खायला सुकी कोळंबी, दुसरं काही तोंडाला लावत नाही.

खाडीकाठ:
ताई, तेल आधी बंद. त्यावर घाण चिकटते. पापुद्र्यांना घाबरू नका, पाण्यातली कासवं वाढताना ते टाकतातच. फक्त ओढून काढू नका. वास येत असेल, खळगा पडला असेल तर मात्र ती कूज.
मऊपणाचं बघा. वरचा थर आपल्या नखासारखा, पण खाली हाड आहे, बरगड्या आणि कणा त्यालाच जोडलेले. ऊन नाही तर ड जीवनसत्त्व नाही, आणि मग पोटातलं कॅल्शियम हाडापर्यंत पोचत नाही. खिडकी उघडी असते का?

गच्चीवाली:
काच बंदच. मांजर येतं हो.

खाडीकाठ:
मग ४ वर्षं त्याला ऊन लागलंच नाही म्हणा. काचेतून उजेड येतो, लागणारे किरण अडतात. मीही यातच फसलो होतो. नंतर तेच किरण देणारा यूव्हीबी दिवा आणला, तो दोन वर्षं वापरला. पेटायचा छान, पण त्याचे किरण वर्षभरातच संपत येतात हे कोणी सांगितलं नव्हतं.
पाण्याबाहेर पूर्ण कोरडं बसता येईल अशी वीट ठेवा. सकाळी गच्चीत टबात, अर्धी सावली ठेवून, आणि स्वतः बाजूला बसा; कावळे सोडत नाहीत. पोपटाला देतात तो समुद्रफेस टाकीत टाका, कुरतडेल. नुसत्या कोळंबीवर भागत नाही. पण हे सगळं नंतर, आधी कासवं बघणारा डॉक्टर गाठून एक्स-रे काढा.

मोगरा:
आमच्याकडे पिवळ्या चांदण्यांचं जमिनीवरचं आहे, मामांनी दिलेलं. त्याच्या पाठीवर टेकड्या आल्यात. हाच उपाय?

खाडीकाठ:
ते पाळणंच गुन्हा आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने. वनखात्याच्या १९२६ वर फोन करा. रानात सोडू नका. आणि गच्चीवाली, तुमचंही कंटाळून तळ्यात सोडायचं नाही हं, ते मूळचं अमेरिकेतलं.

गच्चीवाली:
शनिवारची वेळ मिळाली. सासूबाईंनी खोबरेलाची बाटली न बोलता परत न्हाणीघरात नेली.