शब्दचर्चा : ‘परीक्षा करा’ म्हणजे नेमके काय करायचे?

वसईहून लिहिते आहे. ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या ख्रिस्ती आळीत घरोघरी प्रार्थनासभा असतात. गेल्या शुक्रवारी वाचन माझ्याकडे होते. बायबलमधले, प्रेषित पौलाचे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेले दुसरे पत्र, अध्याय 13, ओवी 5 : ‘तुम्ही विश्वासात आहात किंवा नाही ह्याविषयी आपली परीक्षा करा, आपली प्रतीती पाहा.’ वाचून झाल्यावर भावाचा दहावीतला मुलगा म्हणाला, “आत्या, परीक्षा आपण देतो, सर घेतात. ‘करायची’ कशी?” मला उत्तर देता आले नाही. ही ओवी मी वर्षानुवर्षे वाचत आले आणि क्रियापदाकडे कधी पाहिलेच नाही, हे मनाला लागले. शिवाय इथे ‘प्रतीती’ला ‘येणे’ का नाही, ‘पाहणे’ का?

प्रतिसाद, रत्नागिरीहून :
ताई, मुलाचा कान चांगला आहे. देणारा एक, घेणारा दुसरा, आणि कुणी आपला अंत बघत असेल तर तो ‘परीक्षा पाहतो’. ‘करणे’ मात्र वैद्याचे आणि पारख्याचे. नाडीपरीक्षा करतात, रत्नपरीक्षा करतात. ‘पारख’ हा शब्दही ‘परीक्षा’तूनच झिजून आला आहे. ‘प्रतीती पाहा’ म्हणजेही खरे-खोटे स्वतः ताडून बघा. तिथे वाट बघत बसणे नाही, म्हणून ‘येणे’ नाही.

मूळ ग्रीकमध्ये दोन क्रियापदे आहेत. दुसरे ‘दोकिमाझो’, ते धातू आणि नाणी पारखण्यासाठी वापरत. दोन्ही वेळा ‘स्वतःला’ हा शब्द वाक्याच्या अगदी तोंडाशी ठेवला आहे. कारण मागच्याच ओळींत दिसते : करिंथचे लोक पौलाकडे पुरावा मागत होते, ख्रिस्त खरोखर तुझ्या तोंडून बोलतो का म्हणून. त्याने तो प्रश्न त्यांच्याच हातात परत दिला.

माझे वडील सोनारकाम करत. कसोटीचा काळा दगड गिऱ्हाइकासमोर ठेवायचे. दागिना त्यावर घासला की पिवळी रेघ उमटते. पण नुसत्या रेघेवरून ते कधी काही बोलत नसत. शेजारी खात्रीच्या सोन्याची सळई घासायचे, मग दोन्ही रेघांवर तेजाबाचा थेंब. खोट असली की रेघ विरत जाते. दागिना शेजारणीच्या दागिन्याशी ताडून कस कळत नाही, आणि घासताना तो कणभर झिजतोच. लूकच्या शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या एका चरित्रात) 18व्या अध्यायातल्या परुश्याचे, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुद्याचे, हेच चुकले. ‘मी या जकातदारासारखा नाही’ म्हणून तो देवाचे आभार मानत होता. त्याने स्वतःची रेघ मागे उभ्या असलेल्या जकातदाराशेजारी ओढली. पौल त्याच ओवीत पुढे ख्रिस्त तुमच्यात आहे का असे विचारतो. खात्रीची सळई ती.

प्रतिसाद, सावंतवाडीहून :
वरचे पटले. एक अडचण मात्र सांगावीशी वाटते. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात, येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत, ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस’ आहे. तिथली परीक्षा म्हणजे मोह. ग्रीक शब्द या ओवीतल्या पहिल्या क्रियापदाच्याच कुळातला. मराठी वाचकाला एकच शब्द एकदा नकोसा आणि एकदा आज्ञा म्हणून भेटतो. म्हणून मोठ्याने वाचताना ‘आपली’वर जोर द्यावा, अर्थ लगेच उघडतो.

आणि ‘विश्वास’. माझी आजी गोव्याकडची. ती ‘भावार्थ’ म्हणायची. मराठीत आज भावार्थ म्हणजे कवितेखाली लिहायचा सारांश, पण कोंकणी ख्रिस्ती बोलीत ती श्रद्धा आहे. जुन्या मराठीतही भावार्थ म्हणजे मनापासूनची भक्ती असा अर्थ होताच. ती कुमसाराला (धर्मगुरूपुढे पापांची कबुली द्यायला; हा शब्द पोर्तुगीजमधून आला) जायच्या आदल्या संध्याकाळी कुणाशी फार बोलत नसे. मागच्या पडवीत बसून बोटांवर काहीतरी मोजायची. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाली, दुसऱ्यांची पापे आपोआप आठवतात, स्वतःची मोजावी लागतात. तिचे ते ‘मोजणे’ मला ‘परीक्षा करणे’च्या सगळ्यात जवळचे वाटते.

मूळ प्रश्नकर्ती :
दोघांचे मनापासून आभार. याला लागूनच ‘नम्र’ आणि ‘लीन’ यांबद्दल लिहिते, कारण सभेत पुढचा विषय तोच निघाला. ‘नम्र’ नम् धातूपासून, म्हणजे वाकलेला. वाकणे बाहेरून दिसते, आणि अर्जाच्या शेवटी ‘आपला नम्र’ लिहायला आत काही बदलावे लागत नाही. मत्तय 11:29 मध्ये येशू स्वतःला ‘मनाचा सौम्य व लीन’ म्हणतो. ग्रीक ‘तापेइनोस’ म्हणजे सखल, खालचा. ‘लीन’चा संस्कृत अर्थ चिकटलेला, मिसळून गेलेला. मूळ अर्थ वेगळे, तरी मराठी कानाला ‘चरणी लीन’ माहीत असल्याने शब्द चपखल बसला असे माझे मत आहे. तिथे ‘नम्र’ घातले असते तर ‘मनाचा’ हा शब्द पोरका झाला असता.

कुसळ-मुसळाची ओवीही (मत्तय 7:3) त्या दिवशी कुणीतरी काढली. ग्रीकमध्ये काडी आणि तुळई आहे. मराठीत मुसळ आले आणि आमच्या भातशेतीच्या घरांत ते कुणाला समजावून सांगावे लागत नाही. झोडणीच्या वेळी भाताचे कुसळ डोळ्यात गेले की दुसऱ्याकडूनच काढून घ्यावे लागते. काढणारा डोळ्याशी डोळा आणून श्वास रोखून पदराच्या टोकाने काढतो. त्याला स्वतःला नीट दिसत नसेल तर आपण पापणी उघडूसुद्धा देणार नाही.

रत्नागिरीच्या दादांना एक विनंती. तुमच्या वडिलांचा तो दगड अजून घरात असेल तर त्याचा फोटो इथे टाकाल का? शुक्रवारी पोराला दाखवायचा आहे.