मदत हवी आहे: सीटीएसएसचं सिम्युलेशन ३० युझरवर नुसतं स्वॅपच करत बसतंय

नमस्कार मंडळी,
मी कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिम शिकवते. यंदा शेड्युलिंग (कोणाचा प्रोग्राम कधी आणि किती वेळ चालवायचा ते ठरवणं) नुसतं फळ्यावर न शिकवता एमआयटीची सीटीएसएस (एकाच कॉम्प्युटरवर अनेकांना एकाच वेळी काम करू देणारी जुनी टाइम-शेअरिंग सिस्टिम) पायथनमध्ये सिम्युलेट करून मुलांना दाखवायची आहे. कोर्बातो आणि त्यांच्या टीमने १९६१ मध्ये आयबीएम ७०९ वर पहिला डेमो दिला तीच सिस्टिम, पण मी मॉडेल घेतलंय ते नंतरच्या ७०९४ चं, म्हणजे ३२के वर्डच्या दोन मेमरी बँक, ए-कोअरमध्ये (कोअर म्हणजे मेमरी) सुपरवायझर, म्हणजे खुद्द सिस्टिमचा प्रोग्राम, आणि बी-कोअर युझरच्या प्रोग्रामला.

आता अडचण. प्रोग्राम बदलायचा म्हणजे आधीचा बाहेर लिहायचा आणि नवा आत आणायचा, ह्या स्वॅपला मी १ सेकंद धरलाय (हा माझा अंदाज), क्वांटम (एका पाळीत मिळणारा वेळ) २०० मिलिसेकंद आणि सगळ्यांना समान पाळी. ३० युझर म्हटलं की एकाची पाळी ३६ सेकंदांनी येते आणि मशीनचा सहातला पाच हिस्सा वेळ नुसत्या ने-आणीत जातो. पंचकार्डांचा गठ्ठा देऊन तासन्‌तास रिझल्टची वाट बघायची आणि मग कळायचं की एक स्वल्पविराम चुकलाय, हा प्रोग्रामरचा छळ थांबावा म्हणून तर हे सगळं केलं होतं ना, मग ते इतकं रखडत चालणं शक्यच नाही. माझ्या मॉडेलमध्ये काय राहिलंय? पेजिंग (मेमरीचे समान तुकडे करून लागतील तेवढेच आत आणणं) टाकू का? सोमवारी वर्गात दाखवायचंय, प्लीज कोणीतरी सांगा.

प्रतिसाद १
पेजिंग अजिबात टाकू नका, ७०९४ ला ते नव्हतंच, रिलोकेशन (प्रोग्राम मेमरीत कुठेही ठेवता येणं) आणि मेमरी प्रोटेक्शन (दुसऱ्याच्या मेमरीला हात लावू न देणं) एवढंच होतं. पेजिंग पुढे सीटीएसएसनंतरच्या मल्टिक्स सिस्टिमसाठी जीई-६४५ या मशीनवर आलं.

तुमची समान पाळी काढा. सीटीएसएसमध्ये प्राधान्याच्या लेव्हल होत्या आणि प्रोग्राम जितका मोठा तितका तो खालच्या लेव्हलला सुरू व्हायचा, पाळी उशिरा पण मिळाली की वेळ जास्त, दर लेव्हलला दुप्पट. तुमच्याच आकड्यांनी बघा, स्वॅप म्हणजे ५ क्वांटम, त्यात १ मिळवून ६, त्याचा बेस २ चा लॉग घेऊन अपूर्णांक सोडला की लेव्हल २, म्हणजे ४ क्वांटम, ०.८ सेकंद सलग रन. तेवढ्यात काम संपलं नाही तर अजून एक लेव्हल खाली. छोट्या कमांडवाला बिचारा मोठ्या कंपाइलमागे अडकत नाही, हीच तर त्यातली खरी अक्कल आहे.

शिवाय छोटा प्रोग्राम आत येताना मोठ्याचा लागेल तेवढाच भाग बाहेर लिहायचे, बाकीचा कोअरमध्येच पडून राहायचा. तुम्ही दर वेळी पूर्ण ३२के हलवताय असं दिसतंय.

प्रतिसाद २
वरचं सगळं बरोबर, पण मुख्य गोष्ट राहिली. तुमचे ३० च्या ३० युझर कायम सीपीयू मागताहेत! युझर ज्यावर टाइप करायचा ते 'टेलिटाइप मॉडेल ३५' टर्मिनल दर सेकंदाला १० अक्षरं छापायचं, ६० अक्षरांची एक ओळ म्हणजे ६ सेकंद. माणूस टाइप करत असताना अक्षरं सुपरवायझरच्या बफरमध्ये जमायची आणि ओळ पूर्ण होईपर्यंत प्रोग्राम इनपुट-वेटमध्ये, त्याला आत आणायचं कामच नाही. ॲलन शेर यांनी १९६५ च्या पीएचडीत सीटीएसएसचीच मोजणी केली आहे, दोन कामांमध्ये युझर सरासरी ३५ सेकंद विचार आणि टायपिंगमध्ये घालवायचा आणि एका कामाला प्रोसेसर लागायचा साधारण ०.९ सेकंद. म्हणजे ३० जणांचं मिळून २७ सेकंदांचं काम, साधारण ३६ (३५ + ०.९) सेकंदांत. बसतंय की!

धागाकर्ती
मनापासून धन्यवाद दोघांना! इनपुट-वेट आणि ३५ सेकंद टाकून लगेच रन केलं, रांग बरीचशी रिकामी दिसतेय. आता लेव्हल घालते. एक शंका, मोठा प्रोग्राम चालू असताना वरच्या लेव्हलचा आला तर त्याला लगेच थांबवायचं का?

प्रतिसाद १
लगेच नाही. नव्या प्रोग्रामच्या लेव्हलचा जेवढा क्वांटम, निदान तेवढा वेळ चालू असलेल्याला मिळालेला असला पाहिजे, मगच काढा. नाहीतर आत आणलेला प्रोग्राम काही न करताच परत बाहेर जाईल.