जाऊबाईंनी अमेरिकेहून ५-एचटीपी आणलंय, एस्सिटालोप्रॅम चालू असताना घेऊ का?

गच्चीवरची तुळस, सांगली:
नमस्कार मंडळी. माझं वय ४७. गेल्या श्रावणात सासूबाई गेल्या आणि माझं सगळंच बिनसलं. पहाटे साडेतीनला जाग यायची, कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचे, दिवाळीत चकलीचा सोऱ्या हातातसुद्धा घेतला नाही. शेवटी मुलीने मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. एस्सिटालोप्रॅम १० मिलिग्रॅम, रोज सकाळी एक. सात महिने झाले. आता झोप लागते, कणीक मळताना गुणगुणते. पण वजन चार किलो वाढलंय, आणि गोळी जन्मभराची होऊन बसेल ही धास्ती आहे.

गेल्या रविवारी धाकट्या जाऊबाई न्यू जर्सीहून आल्या. त्यांनी एक बाटली दिली: ५-एचटीपी, १०० मिलिग्रॅम, ९० कॅप्सूल. म्हणाल्या, "झाडाच्या बियांपासून काढतात, सेरोटोनिन, म्हणजे मन ताळ्यावर ठेवणारं मेंदूतलं रसायन, वाढतं, आमच्याकडे चिठ्ठीशिवाय मिळतं. ते केमिकल सोड आता." बाटली देवघराशेजारच्या फडताळात आहे. दोन्ही बरोबर घेतलं तर लवकर बरं वाटेल का? की गोळी सोडून फक्त हे घेऊ? आणि केळी, अक्रोड खाल्ले की सेरोटोनिन वाढतं म्हणतात, ते खरं का?

रानवारा:
मी झोपेसाठी दोन महिने घेतलं होतं. काही त्रास नाही. बिनधास्त घ्या.

मेडिकलवाले काका, इचलकरंजी:
ताई, घेऊ नका. रानवारा, तुमची दुसरी कुठली गोळी चालू नसेल. ताईंची आहे, सगळा फरक तिथेच पडतो.

मेंदूतली पेशी सेरोटोनिन सोडते आणि वापर झाला की परत ओढून घेते. तुमची गोळी ही ओढ कमी करते. ५-एचटीपी हा सेरोटोनिनच्या आधीचा टप्पा. तो मेंदूत शिरतो आणि तिथे त्याचं सेरोटोनिन होतं. म्हणजे मोरीला बोळा घालायचा आणि वरून नळही सोडायचा. फार साचलं तर घाम, धडधड, थरथर, जुलाब, ताप, स्नायू आखडणं, आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर जिवावर बेततं. याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. बहुतेक वेळा काही तासांतच दिसतं.

२२ वर्षं दुकान चालवतोय. नेहमीचे एक गृहस्थ तुमच्याच जातीची गोळी घ्यायचे. गुडघेदुखीवर त्यांना दुसरीकडून ट्रॅमाडॉल मिळालं, तेही सेरोटोनिन वाढवतं, पण आधीच्या गोळीबद्दल कोणी विचारलंच नाही. संध्याकाळी दुकानात आले, काउंटरवर हात टेकला, तर काचेवरची चिल्लर वाजायला लागली. डिसेंबरचा महिना, आणि शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, दोन्ही औषधं थांबवली, दुसऱ्या दिवशी सावरले. तेव्हापासून मी खोकल्याचं औषध देतानाही विचारतो, कारण त्यातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फनसुद्धा या गोळ्यांशी जमत नाही.

बियांपासून काढतात हे खरं आहे. ग्रिफोनिया नावाचं पश्चिम आफ्रिकेतलं झुडूप आहे. पण अफूही झाडाचीच. १९८९ साली अमेरिकेत ट्रिप्टोफॅनच्या (म्हणजे ५-एचटीपीच्याही आधीचा टप्पा) गोळ्यांमुळे दीड हजारांहून जास्त लोकांना स्नायूंचा भयानक आजार झाला, तीसहून जास्त दगावले. तीही चिठ्ठीशिवायच मिळत होती.

गोळी मनाने बंद करू नका. चक्कर येते, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं. पहिलीच खेप असेल तर बरं वाटल्यावर साधारण सहा ते बारा महिने चालू ठेवतात, मग टप्प्याटप्प्याने उतरवतात. जन्मभराचं मनातून काढा. वजनाचं मात्र डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

भाकरीचा तवा, सोलापूर:
खाण्याचं मी सांगते, आहाराचंच काम करते. केळ्यात सेरोटोनिन असतं, पण ते रक्तातून मेंदूत जात नाही. शरीरातलं ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, तेही तिथलं तिथेच. मेंदू स्वतःपुरतं ट्रिप्टोफॅनपासून बनवतो. ते दूध, अंडी, तीळ, शेंगदाणे, डाळी सगळ्यांत आहे, पण मेंदूच्या दाराशी इतर अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनांतल्या बाकीच्या घटकांची, गर्दी असते, म्हणून मूठभर अक्रोड खाल्ले आणि मन फुललं असं होत नाही.

तरी ताट बदलून फायदा होतो. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात नैराश्याच्या ६७ रुग्णांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला. ज्यांचा आहार सुधारला त्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांश लोकांचा आजार ओसरला, नुसत्या गप्पागोष्टींचा आधार मिळालेल्या गटात ८ टक्क्यांचा. प्रयोग लहान आहे, आणि बहुतेकांचे उपचार चालूच होते. भाज्या, डाळी, मासे, सुकामेवा, बाकी काही नवल नाही. तुम्ही ज्वारीची भाकरी, मेथी, मटकीची उसळ, जवसाची चटणी, ताक एवढं नेमाने करा. शाकाहारी असाल तर बी-१२, डी आणि थायरॉईड तपासाच. माझ्याकडे उदास म्हणून आलेल्या कितीतरी बायकांचं बी-१२ तळाला गेलेलं असतं.

गच्चीवरची तुळस, सांगली:
खूप आभार. शुक्रवारी डॉक्टरांची वेळ घेतली. एक लिहायचं राहिलं होतं, संकोच वाटला. बाटली मिळाली त्या रात्री मी एक कॅप्सूल घेतली होती. मळमळलं, दोनदा जुलाब झाले, पहाटेपर्यंत हात हलत होते. प्रवासातल्या जेवणाने झालं असेल असं वाटलं. काका, चिल्लरचं वाचलं आणि हातातला फोन खाली ठेवला.

मेडिकलवाले काका, इचलकरंजी:
लिहिलंत ते फार बरं केलंत. आता काही दिवस झालेत, एका कॅप्सूलचा अंमल केव्हाच उतरला. पण डॉक्टरांना तारीख-वेळेसकट सांगा आणि बाटली बरोबर न्या. पुन्हा थरथर किंवा ताप वाटला तर शुक्रवारची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. रात्री मन घाबरलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि जाऊबाईंना रागावू नका, त्यांनी मायेनं आणलंय.