'जान दारा': सूड, की बापाचाच कित्ता?

अबोली: (रसभंग होणार. बघायचा असेल तर इथेच थांबा.)
दिग्दर्शक नॉन्झी निमिबुत्रचा थाई सिनेमा 'जान दारा' (२००१) लोक 'तसला' सिनेमा म्हणून गुपचूप बघतात. मला तो सडलेल्या घराण्याचा सिनेमा वाटतो. १९३० च्या दशकातलं बँकॉक. जानला जन्म देताना आई जाते आणि घरधनी खुन लुआंग पोराला अवदसा समजून झोडपत राहतो. पुढे लुआंगची मुलगी केव भावापासूनच (जान नव्हे, दुसरा) गरोदर राहते, तेव्हा अब्रू झाकायला हाकललेल्या जानलाच नवरदेव म्हणून बोलावतात. तो किंमत म्हणून वाडा मागून घेतो आणि हळूहळू स्वतःच लुआंग होतो. जरब तीच, लंपटपणा तोच.

सदाशिव_पेठी: सगळं मान्य, पण कॅमेऱ्याचं काय? जान लुआंगच्या रखेलीच्या, बुनलुआंगच्या उघड्या पाठीवरून बर्फ फिरवतो तो प्रसंग आठवा. पाणी ओघळतंय आणि कॅमेरा तिथून हलायचं नाव घेत नाही. घराणं हे निमित्त हो, बाकी शौक.

अबोली: अहो, वाद नावाची त्याची मावशी सोडली तर त्या घरात त्याला मायेनं हात लावणारं कोण आहे? स्पर्श म्हणजे मार, एवढंच ठाऊक असलेला मुलगा आहे तो. तो प्रसंग रेंगाळायलाच हवा.

गिरगावकर: २०१२-१३ ची दोन भागांतली आवृत्तीही बघा, मारियो मौरर नायक असलेली. कपडेपट झकास, लांबी मारुतीच्या शेपटीएवढी.

मीरा_स: सगळे जानच्या बालपणाबद्दल हळहळताय. तो केववर जबरदस्ती करतो तेव्हाही आपण त्याच्याच डोक्यात बसलेलो असतो, कारण गोष्ट तोच सांगतोय. वैर लुआंगशी ना? मग भोगायचं केवनं का?

अबोली: तोच सांगतोय म्हणून तर! म्हातारा जान स्वतःची वकिली करतोय आणि ती लंगडी पडतेय. केव त्याचं मूल ठेवत नाही. तिथे हरतोच की तो.

मीरा_स: हरला हे कळायलाही जानचाच आवाज लागतो, अबोली.

गिरगावकर: मूळ कादंबरी १९६० च्या दशकातली, तिथेही निवेदक जानच. दिग्दर्शकाला काय बोल लावायचा?

मीरा_स: बरं. मग २०१२ मध्ये पुन्हा काढताना कुणी हात धरला होता?